न आलेली सूज

१

गुंड्या कामावर निघाला की आई दारापर्यंत यायची आणि त्याची हनुवटी धरायची. म्हणजे धरायचा प्रयत्न करायची. धरायला तिथे फारसं काही नव्हतंच. खालच्या ओठापासून चेहरा जो उतरायला लागायचा तो थेट गळ्यापाशी थांबायचा. आईची बोटं घसरून कॉलरवर जायची. मग ती कॉलरच सारखी करायची आणि म्हणायची, "जा. सांभाळून."

"कशाला रोज रोज धडपडतेस गं?" ताई शिवणयंत्रावरची मान वर न करता विचारायची. "घसरगुंडी आहे ती. कुणाचा हात टिकलाय तिथे?"

घसरगुंडी हे नाव तिनेच ठेवलं होतं, लहानपणी. पुढे त्याचं गुंड्या झालं. ज्याने उभ्या आयुष्यात कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती, वर्गात उभं राहून वाचायची वेळ येऊ नये म्हणून ज्याने शाळा अर्ध्यात सोडली, त्याला सगळी गल्ली गुंड्या म्हणायची. त्याचं त्यालाही हसू यायचं. फक्त हसताना तो तोंडापुढे हात धरायचा.

मामाच्या कारखान्यात पुतळे बनायचे. कपड्यांच्या दुकानात काचेमागे शर्ट-पँट घालून उभे असतात ते. धड, हात, पाय बाकीचे कामगार करायचे. चेहऱ्याचं शेवटचं काम गुंड्याकडे. सांधा घासायचा, खाचखळगे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायचे, पॉलिश पेपर मारायचा, मग रंग, भुवया, ओठ. त्याच्या हातची हनुवटी बघून दुकानदार खूश व्हायचे. नेमकी, भरीव, मधोमध हलकीशी चपटी. दिवसभर अशा हनुवट्या करायच्या आणि संध्याकाळी गळ्याभोवती मफलर गुंडाळून घरी यायचं, असं बरीच वर्षं चाललं.

एक दिवस जेवताना तो म्हणाला, "मी हनुवटी करून घेणार आहे. डॉक्टरकडे. पैसे साठवलेत."

ताईचा घास हातातच राहिला. तिला सुचतील तेवढे टोमणे तिच्या चेहऱ्यावर येऊन गेले, पण त्यातला एकही तिने मारला नाही. आईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "दुखेल का रे?"

२

मामाला बातमी कळली तशी तो बाह्या सरसावूनच उभा राहिला. "डॉक्टरला तोंडाने काय सांगणार तू? तुला तर केशकर्तनालयातसुद्धा बोलता येत नाही. चल, साचाच काढू."

गुंड्याला बाकावर आडवं करून, तोंडाला तेल चोपडून, नाकपुड्यांत दोन नळ्या खोचून मामाने त्याच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापलं. आत काळोख आणि ऊब. बाहेरून मामाचा आवाज आला, "श्वास घेतोयस ना? नसशील घेत तर सांग हं." गुंड्या आतल्या आत हसला आणि प्लास्टरला बारीक तडा गेला.

त्या साच्यातून फायबरचा चेहरा निघाला. त्याला मागचं डोकं जोडलं आणि गुंड्याने त्यावर मातीची हनुवटी चढवली. तीन वेळा मोडली, चौथ्यांदा जमली. मामा लांबून बघून म्हणाला, "झकास. आता ती अशीच राहू दे. आपल्या धंद्यात जित्या माणसाचा चेहरा जसाच्या तसा पुतळ्याला बसवत नाहीत. काहीतरी एक बदलायचं. नाक म्हण, कान म्हण."

"का?"

"गिऱ्हाईक कपडे सोडून चेहऱ्याकडेच बघत बसतं. मग कपडे कोण घेणार?"

डॉक्टरबाईंनी ते डोकं टेबलावर ठेवून चारही बाजूंनी पाहिलं. "लोक फोटो आणतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही हनुवटीच आणलीत. माझं निम्मं काम केलंत." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. खालच्या ओठाच्या आतून छेद घ्यायचा, म्हणजे बाहेर व्रण दिसत नाही. हाडावर एक छोटा तुकडा बसवायचा. टाके आपोआप विरघळतात. "सूज मात्र येणार. पहिले काही दिवस आरशात बघू नका, घाबराल. निळंजांभळं होईल, मग पिवळं पडेल, मग जाईल. तोंड उघडताना जबडा आखडल्यासारखा वाटेल, टकटक वाजेलही. पट्टा बांधायचा. पातळ खायचं. आणि हनुवटी बधिर होईल. ते सगळ्यात शेवटी बरं होतं."

गुंड्याने घरून ठरवून आणलेला एकच प्रश्न विचारला. विचारताना कान लाल झाले. "आईने हात लावला तर कळेल ना?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "बहुतेकांना कळतं. वेळ लागतो. मुंग्या आल्यासारखं होईल, तेव्हा समजा की जाग येतेय. फार थोड्या जणांची थोडी बधिरता कायमची राहते, हेही सांगायला हवं."

मातीची हनुवटी त्यांनी मापासाठी ठेवून घेतली. हनुवटी काढलेलं उघडं डोकं कागदात गुंडाळून गुंड्या परत आला. कारखान्यात दोन फळ्या होत्या. डावीकडे नमुन्याची डोकी, उजवीकडे धडावर बसवायला तयार असलेली. तो इतका खुशीत होता की शीळ घालायचा प्रयत्न करत होता. शीळ घालता घालता त्याने डोकं उजवीकडच्या फळीवर ठेवलं आणि दिवा मालवून घरी गेला.

३

शस्त्रक्रिया झाली. भुलीतून जाग आली तेव्हा आई आणि ताई दोन्ही बाजूंना बसल्या होत्या, आणि दोघी त्याच्याकडे अशा बघत होत्या की त्याला वाटलं काहीतरी बिघडलं.

"अरे," ताई म्हणाली, "तू तर देखणा आहेस."

सूज आली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. घरी सगळी तयारी होती. ताईने सूप करून ठेवलं होतं, केळी कुस्करली होती, बर्फाच्या पिशव्या भरल्या होत्या. गुंड्याने पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. शेवटी लाजत लाजत विचारलं, "बिस्कीट खाल्लं तर चालेल का?" आणि कुरकुर वाजवत अख्खा पुडा संपवला.

"दुखत नाही?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"दुखायला हवं होतं का?"

"नको रे बाबा," आई म्हणाली. पण ताई बर्फाची पिशवी स्वतःच्या कपाळावर ठेवून बसली. "मी चार दिवस कामं मागे टाकली तुझी सेवा करायला. थोडं कण्हून तरी दाखव."

गुंड्या कण्हला. इतकं खोटं कण्हला की तिघंही पोट धरून हसली. आणि हसताना त्याचा हात तोंडापुढे गेला नाही. ते आईच्या लक्षात आलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी वाजवत राहिली.

डॉक्टरबाईही चकित झाल्या. "माझ्या हाताला यश आलं म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि टाके बघायला ओठ खाली ओढला. मग दिवा जवळ घेतला. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "फारच लवकर विरघळले की," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी दिवा बंद केला.

कामावर निघायच्या दिवशी आई दारापर्यंत आली. तिने हात पुढे केला आणि या वेळी बोटं घसरली नाहीत. "आली बाई एकदाची हातात," ती म्हणाली, आणि सोडायलाच तयार होईना.

गुंड्या तिच्या खांद्यावरून कपाटाच्या आरशात बघत होता. आरशात आईचा हात त्याच्या हनुवटीवर होता. तसं दिसत होतं म्हणून त्याला कळलं. नाहीतर कळलं नसतं.

"वेळ लागेल," तो मनात म्हणाला, आणि आनंदाने बाहेर पडला.

४

कारखान्यात त्याचं स्वागत कामगारांनी टाळ्या वाजवून केलं. एकाने त्याची हनुवटी बघून आपली चाचपली. मामाने त्याला उजेडात उभं केलं, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. "घासायची गरज नाही," असा निकाल दिला आणि सगळे हसले.

"आता कामाला लाग. तो कोपऱ्यातला तुझीच वाट बघतोय. दुकानवाल्या बाईंच्या मागणीत एक डोकं कमी पडत होतं, पोरांनी उजवीकडच्या फळीवरचं एक बसवलं. रंग तेवढा तू दे."

कोपऱ्यात चादर पांघरून एक पुतळा उभा होता. एक हात खिशात घातल्यासारखा, एक मोकळा. गुंड्याने चादर ओढली.

त्याचाच चेहरा होता. जुना, उतरता. पहिली भावना भीतीची नव्हती, लाजेची होती. गावभर मिरवताना जुना वर्गमित्र अचानक समोर यावा तशी. आपण डोकं कुठल्या फळीवर ठेवलं होतं ते आठवून त्याने जीभ चावली.

मग त्याला जबडा दिसला. दोन्ही बाजूंनी फुगलेला, खालचा ओठ पुढे ढकलला गेलेला, जणू गालात कुणी कापूस कोंबलाय.

"मामा, लांबी जास्त भरलीस."

"मी लांबीला हातच लावला नाही. तसंच निघालं असेल."

तसं निघालं नव्हतं. पण गुंड्याने स्वतःला समजावलं. फायबरची राळ घट्ट करायचं रसायन जास्त पडलं की ती तापते आणि फुगते. मागे एका पुतळ्याची पोटरी अशीच फुगली होती. त्याने खरखरीत कागद घेतला आणि घासायला लागला. पांढरी भुकटी पडत राहिली, बोटं दुखायला लागली. सूज होती तेवढीच राहिली. घासून घासून थांबला तेव्हा त्याला जाणवलं की हाताखालचा भाग बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गरम आहे. घासल्यामुळे असेल, तो म्हणाला. हात काढून बराच वेळ थांबला. पुन्हा लावला. गरमच होता.

दुसऱ्या दिवशी सूज वाढली होती आणि रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराखालून निळंजांभळं दिसायला लागलं होतं. राळेत कोबाल्ट घालतात, त्याचा रंग जांभळाच असतो. नीट ढवळलं नसेल. तेही पटण्यासारखं होतं. त्याने वरून अस्तराचा आणखी एक हात मारला. वाळेपर्यंत जांभळं वर आलं होतं.

चादर टाकताना त्याने ती हनुवटीला लागणार नाही अशी टाकली. असं का केलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

५

ते दिवस गुंड्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. कारखान्यातला फोन वाजला की तो उचलायला लागला. केशकर्तनालयात जाऊन त्याने "मागून बारीक, पुढून राहू द्या" असं अख्खं वाक्य सांगितलं. मफलर ताईला देऊन टाकला, तिने त्याचं शिवणयंत्राचं झाकण केलं. काम करताना तो गुणगुणायचा, आणि सूर लागत नसला तरी कुणी हरकत घेत नव्हतं.

"हनुवटीतून गळा फुटला पोराला," मामा म्हणायचा.

फक्त कोपऱ्यातल्या चादरीकडे त्याचं लक्ष जायचं. एका दुपारी सगळे बाहेर चहाला गेले. रंगाचा कॉम्प्रेसर बंद झाला आणि त्याची घरघर थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. आणि मधूनच एक बारीक आवाज येत होता.

टक.

राळ निवताना टकटकते, हे त्याला माहीत होतं. पण हा पुतळा निवून किती दिवस झाले.

टक. थोडं थांबून, पुन्हा टक. दुखऱ्या दाराची बिजागरी कुणी हळूहळू हलवून बघावी तसं.

तो उठला. जाऊ नये असं वाटत असताना पाय मात्र गेले. चादर उचलली तेव्हा जबडा पिवळा पडलेला दिसला. फायबर उन्हाने पिवळं पडतं, पण त्या कोपऱ्यात ऊन कधीच यायचं नाही. कोबाल्टने तर मुळीच पडत नाही. त्याने दुसरं कारण शोधलं, तिसरं शोधलं. आणि मग डॉक्टरबाई खुर्ची पुढे ओढून शांतपणे सांगत होत्या ते शब्द एकामागून एक कानात वाजायला लागले. निळंजांभळं होईल. मग पिवळं. टकटक वाजेलही.

साच्यात असताना गुंड्याने ओठ घट्ट मिटले होते. आता पुतळ्याच्या ओठांत दोऱ्याएवढी फट होती. फटीच्या आत, खालच्या ओठाच्या मागे, काहीतरी काळं होतं. गाठ मारलेल्या दोऱ्याचं टोक असावं तसं.

त्याने त्यापुढे पाहिलं नाही. डोळे खाली घेतले आणि तसाच उभा राहिला. पळावंसं वाटत होतं. पण आपण बिस्किटाचा पुडा कुरकुरत संपवला, खोटं खोटं कण्हलो, तेव्हा हा इथे चादरीखाली उभा होता, हेही त्याला दिसत होतं.

"फार दुखतंय का रे?" त्याने विचारलं.

घराबाहेरच्या कुणाची अशी विचारपूस त्याने आपणहून पहिल्यांदाच केली होती. उत्तर आलं नाही, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने पिशवीतून आपला गरज न पडलेला पट्टा काढला, पुतळ्याच्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधला. फार घट्ट नाही, फार सैल नाही, डॉक्टरबाईंनी दाखवला होता तसा.

मामा परत आला तेव्हा चादर उघडीच होती. तो पुतळ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "दात दुखतोय का याचा?"

"जरा आधार दिलाय," गुंड्या म्हणाला. "बसेल जागेवर."

"बसेल तर," मामा म्हणाला. पण त्या दिवशी कुलूप लावताना त्याने दार दोनदा ओढून पाहिलं.

६

जागेवर बसलं. सूज उतरली, पिवळं गेलं, टकटक थांबली. पट्टा सोडला तेव्हा खाली हनुवटी होती. नेमकी, भरीव, मधोमध हलकीशी चपटी. मातीत चौथ्यांदा जमली होती ती.

"कधी केलीस ही?" मामा खूश झाला. "बरं झालं, आठवणीने बदललंस. मला वाटलं तसाच देतोयस की काय." मग त्याने पुतळ्याकडून गुंड्याकडे पाहिलं, गुंड्याकडून पुतळ्याकडे. "उद्या टेम्पो येईल न्यायला," तो म्हणाला. "तोपर्यंत रंग देऊन टाक."

गुंड्याच्या हनुवटीला अजून जाग आली नव्हती. तो रोज सकाळी ती चिमटून बघायचा. रोज आई दारात धरायची आणि कळतंय का ते विचारायची नाही, फक्त बघायची. तो हसायचा. तिला खोटं सांगावं असं बऱ्याचदा वाटलं, पण त्या बाबतीत त्याला खोटं बोलणं जमत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं होतं, "अजून थांबू. पण थोड्या जणांचं मी बोलले होते ना..." आणि वाक्य अर्धवट सोडलं होतं.

टेम्पो यायच्या दिवशी तो पुढच्या खोलीत दुसऱ्या एका चेहऱ्याच्या भुवया रेखत होता. पुतळा मागच्या खोलीत बांधाबांधीसाठी नेऊन ठेवला होता. गुंड्याने कुंचला रंगात बुडवला, श्वास रोखला, टोक भुवईला टेकवलं.

हनुवटीवर मुंगी चालली.

त्याने मान झटकली. मग आणखी मुंग्या आल्या, दोन्ही बाजूंनी, ओठाखाली, कडेकडेने. कुंचला हातातून पडला. आणि मग मुंग्या थांबल्या आणि त्या जागी बोटं आली.

चार बोटं खाली, अंगठा वर. अंगठ्याच्या पेरावर सुरीने कापल्याची जुनी खरबरीत रेघ. भांडी घासून कायम जरा थंड असलेले शेंडे. तिने हनुवटी धरली, किंचित वर केली, सोडायला तयार होईना. गुंड्याच्या समोर कुणीही नव्हतं. फक्त अर्धी भुवई असलेला एक परका चेहरा.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. कळत होतं. सगळं कळत होतं.

तो मागच्या खोलीच्या दाराशी गेला. आई तिकडच्या दाराने डबा घेऊन आली होती. चष्मा पदराला पुसायला काढलेला तसाच डाव्या हातात होता, आणि उजव्या हाताने तिने पुतळ्याची हनुवटी धरली होती.

"किती राबतोस," ती पुतळ्याला म्हणत होती. "अंग बघ कसं गरम लागतंय."

"आई," गुंड्या दारातून म्हणाला.

आई वळली. त्याच्याकडे बघितलं, मग हाताकडे. चष्मा लावला. भीतीची एक सावली तिच्या चेहऱ्यावरून गेली, पण पोराच्या डोळ्यांतलं पाणी बघून ती विरली. "अगं बाई, पुतळा होय," ती म्हणाली. "आणि तू का रडतोस?"

"कळलं मला," तो म्हणाला. "तुझा हात."

आई त्याच्याकडे बघत राहिली. ती दाराजवळ नव्हती आणि तो पुतळ्याजवळ नव्हता. मधे अख्खी खोली होती. हळूच वळून तिने पुन्हा पुतळ्याच्या हनुवटीला बोट लावलं, आणि गुंड्याने डोळे मिटले.

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला.

"मामा," गुंड्याने हाक मारली. मोठ्याने, अंगणापर्यंत जाईल अशी. "हा द्यायचा नाही."

७

दुकानवाल्या बाईंना गुंड्याने रात्रंदिवस खपून दुसरा पुतळा करून दिला, नाक मोठं आणि कान मागे असलेला. हा मात्र घरी आला. मामाने फुकट दिला आणि वर म्हणाला, "ने बाबा. माझ्याकडे तो असा बघतो की जणू मी त्याचा पगार थकवलाय."

घरी कारण सोपं होतं. ताईला शर्ट चढवून बघायला पुतळा हवाच होता. तो तिच्या शिवणाच्या खोलीत, उभ्या आरशासमोर उभा राहिला.

"एक भाऊ कमी होता म्हणून दुसरा आणला," ती म्हणाली. "हा तरी उलट बोलत नाही." पण शर्टाला टाचण्या लावताना ती फार जपून लावायची. विचारलं तर म्हणायची, "टोचली तर?"

सकाळी निघताना आई आधी शिवणाच्या खोलीत जायची. गुंड्या दारात चपला घालत असायचा. अंगठा, चार बोटं, किंचित वर. मग ती बाहेर यायची आणि त्याची कॉलर सारखी करायची. "जा. सांभाळून." याबद्दल घरात कुणी कधी काही बोललं नाही. गुंड्या मात्र उड्या मारत जायचा. आपल्याएवढा सुखी माणूस गल्लीत दुसरा नाही असं त्याला वाटायचं, आणि बहुधा ते खरं होतं.

एका सुट्टीच्या सकाळी आई आणि ताई बाजारात गेल्या. गुंड्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होता. खिडकीतून ऊन ओट्यावर आलं होतं. तो गुणगुणत होता.

हनुवटीवर बोटं आली.

आई विसरून परत आली असेल, त्याला वाटलं. पण दार वाजलं नव्हतं. आणि बोटं आईची नव्हती. ही गुळगुळीत होती, कडक, सांध्याशी न वाकणारी. ती आधी डावीकडून गेली. मग उजवीकडून. मग मधोमध चपट्या जागेवर थांबली, आणि अगदी हलकेच, विश्वास बसत नसल्यासारखी, तिथेच फिरत राहिली.

गुंड्याने गॅस बंद केला. घरात कसलाच आवाज नव्हता. तो अनवाणी पायांनी शिवणाच्या खोलीपर्यंत गेला. दार लोटलेलं होतं, बोटभर फट होती. फटीतून फक्त आरशाचा तुकडा दिसत होता, आणि त्या तुकड्यात ताईने आदल्या दिवशी चढवलेल्या शर्टाची बाही. बाहीचं कोपर वाकलेलं होतं.

गुंड्याचा हात दाराच्या कडीपाशी गेला आणि तिथेच थांबला.

कारण ती बोटं अजून फिरत होती, त्याच्या हनुवटीवर. डावीकडून, उजवीकडून, पुन्हा मधोमध. अशीच तो स्वतः दवाखान्यातून आल्यावर आरशासमोर उभा राहून चाचपत होता, दार लावून, कुणी बघू नये म्हणून. त्या वेळी ताई धाडकन आत आली असती तर तो लाजेने मेला असता.

त्याने कडीवरचा हात काढला. चार पावलं मागे आला. भिंतीला टेकून उभा राहिला आणि वाट बघितली, आतल्याचं पुरेपूर बघून होईपर्यंत. आधण पूर्ण निवून गेलं.

मग तो मोठ्याने खाकरला.

आत कापड सळसळलं आणि थांबलं. हनुवटीवरचा स्पर्श गेला. गुंड्याने थोडा वेळ जाऊ दिला, आणि दारावर टकटक केली.

"येऊ का रे आत?"